मदत हवी आहे: वजन उतरतंय, पण बॉडी फॅटची टक्केवारी चढतेय

वेलची_वेफर:
नमस्कार मंडळी. वजनाचे जुने धागे चाळले, पण सगळीकडे डाएटवरच हाणामारी चाललीय, म्हणून हा नवीन धागा.

वय 38, उंची 158 सेंमी. डोंबिवली ते फोर्ट लोकल, दिवसभर खुर्चीत. गणपतीनंतर मनावर घेतलं तेव्हा 68 किलो होते, आता 63.5. कुर्ते सैल झालेत, ऑफिसात दोघीतिघींनी विचारलंसुद्धा. घरात मोबाइलला जोडायचा काटा आहे. अनवाणी उभं राहिलं की फॅट, स्नायू, पाणी, हाडं असं सगळं पंचांग वाचून दाखवतो. सुरुवातीला फॅट 36.2 टक्के होतं. आता 36.8! साडेचार किलो उतरवून मी आणखी जाड झाले म्हणायचं का? त्यातच मैत्रिणीबरोबर जिमच्या ट्रायलला गेले, तिथे हातात दांडे धरायचं मोठं मशीन होतं. त्याच आठवड्यात त्यावर 33.1.

खाणं: सकाळी चहा आणि दोन खारी, डब्यात दोन पोळ्या-भाजी, संध्याकाळी फळ, रात्री नुसतं सूप. वरण-भात बंद केलाय. रोज पाऊण तास चालते. आधी ऑफिसातून आल्यावर काट्यावर उभी राहायचे, हल्ली सकाळी उठल्या उठल्या.

आणखी एक. नवरा 170 सेंमी, 64 किलो, अगदी किडकिडीत, पोट तेवढं जरासं. त्याला काटा 26 टक्के सांगतो. त्याचं म्हणणं, काटाच बिघडलाय, परत कर. नक्की कुठला आकडा धरायचा?

आंबट_चुका:
काटा माळ्यावर टाका आणि दोन वर्षांपूर्वीची जीन्स काढा. ती खोटं बोलत नाही.

प्रतिरोध:
जीन्सचा मुद्दा बरोबर आहे, पण वेलचीताईंना कारण हवंय, म्हणून जरा लांबण लावतो.

घरचा काटा चरबी मोजतच नाही. एका पावलातून दुसऱ्या पावलात अगदी क्षीण वीज सोडतो आणि तिला किती विरोध झाला ते बघतो. स्नायूंत पाणी भरपूर, त्यातून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे अडते. मोजमाप इथे संपलं. पुढे तुम्ही ॲपमध्ये भरलेली उंची, वय, लिंग आणि वजन एका सूत्रात घालून टक्केवारीचा अंदाज काढला जातो. सूत्र प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि ते ज्या लोकांवर बेतलं ते तुमच्यासारखे असतीलच असं नाही. शिवाय वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते, पोट आणि हात जवळपास सुटतातच. जिमच्या मशीनला हातांचेही दांडे असतात, म्हणून ते थोडं बरं. पण 36.8 आणि 33.1 यांची तुलना करू नका. दोन घड्याळं वेगळी लावलेली असली तर कुठलंही एक धरून चालायचं, तसंच हे.

आता वेळ. दिवसभरात पाणी पायांकडे उतरतं, त्यामुळे संध्याकाळी पायांतला विरोध घटतो आणि फॅट कमी दिसतं. सकाळी उठल्या उठल्या नेमकं उलट. तुम्ही आधी संध्याकाळी मोजत होतात आणि आता सकाळी मोजताय, तेवढ्यानेही एकदोन टक्के सहज इकडेतिकडे होतात. नुकतीच केलेली आंघोळ, व्यायाम, भरलेलं पोट, पाळीच्या आधीचे दिवस, सगळ्याचा फरक पडतो. (पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर असल्या काट्यावर उभं राहू नये. ही सूचना पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते, म्हणून इथे मोठ्याने.)

तरीही तुमचे आकडे मला अगदीच निरर्थक वाटत नाहीत. टक्के सोडा, किलो काढा. 68 चे 36.2 टक्के म्हणजे 24.6 किलो चरबी. 63.5 चे 36.8 टक्के म्हणजे 23.4. म्हणजे काट्याच्या हिशेबानेसुद्धा चरबी सव्वा किलोने कमीच झालीय! टक्का चढला, कारण भागाकारातलं खालचं वजन त्याहून जास्त उतरलं. उरलेले सव्वातीन किलो मात्र चरबी सोडून बाकीच्यातले: पाणी, साखरेचा साठा आणि स्नायू. आणि समजा साडेचारच्या साडेचार किलो चरबीच गेली असती, तरी आकडा 31.7 वर आला असता, 25 वर नाही. ॲपवरचा ‘नॉर्मल’चा हिरवा पट्टा बघून लोक उगाच निराश होतात.

खलबत्ता:
प्रतिरोधरावांनी भागाकार छान उलगडला. मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून माझा डोळा सव्वातीन किलोंवर. त्यातलं बरंचसं पाणी असू शकेल. पण वेलचीताई, तुमच्या ताटाकडे बघून मला स्नायूंची शंका येते.

आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुम्हाला साधारण 53 ग्रॅम. खारी, पोळी-भाजी, फळ आणि सूप यांत मोजून 20-25 होतील. वजन उतरवताना खरं तर 0.83 पेक्षा जास्तच हवीत, 1.2 च्या आसपास. शरीराला खाण्यातून मिळालं नाही की ते स्नायू मोडून घेतं. तुम्ही नेमकं वरणच बंद केलंत! भात कमी करा हवा तर, पण वरण घट्ट करून वाटीभर परत आणा, त्यात सहासात ग्रॅम. दोन अंडी खात असाल तर बारा. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीसेक. रात्री सूपऐवजी मुगाची दोन धिरडी आणि दही. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आणि चालणं चांगलंच, पण त्याने स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून दोनतीनदा वजन उचला. जिम नको असेल तर खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून पुशअप आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, एवढ्याने सुरुवात होते.

सांख्यिकी_सावंत:
एवढा खटाटोप कशाला? सरळ डेक्सा स्कॅन करा. हाडांची घनता बघायला करतात तोच. क्ष-किरण अगदी थोडे आणि चरबी, स्नायू, हाडं वेगवेगळी दिसतात.

प्रतिरोध:
सावंतसाहेब, एकदा कुतूहल म्हणून ठीक. दर महिन्याला त्यावर पैसे घालवण्यात मला अर्थ वाटत नाही. मोजपट्टी दहा रुपयांना मिळते.

पुणेरी_पडवळ:
नवऱ्याच्या 26 टक्क्यांवर कुणीच बोलेना म्हणून लिहितो. आकडा थोडा पुढेमागे असेल, पण काट्याला वेड्यात काढू नका. त्यांचा बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 22 येतो, आणि आपल्याकडे याच आकड्याला लोक फसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला होता. दोघांचा बीएमआय 22.3. डेक्सावर युडकिन यांची चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. फोटोत दोघे सारखेच सडपातळ! हे जन्मापासूनच असतं, असं याज्ञिकांच्या गटाला पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत दिसलं. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, सरासरी 2.7 किलो, इंग्लंडची 3.5, पण त्यांच्यात स्नायू जितका कमी भरला तितकी चरबी कमी नव्हती. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय 23 पासूनच सावध करतात, आणि कंबर पुरुषांची 90 सेंमी, बायकांची 80 सेंमी ओलांडली की तपासण्या सुचवतात. किडकिडीत हातपाय आणि पुढे आलेलं पोट हे मधुमेहाच्या दृष्टीने वाईट लक्षण.

वेलची_वेफर:
बापरे, इतकं सविस्तर! सगळ्यांचे आभार. किलोत हिशेब मांडून बघितला आणि बरं वाटलं, वरणाचं वाचून मात्र आई फोनवर हसली. तिने पहिल्या दिवसापासून हेच सांगितलं होतं.

शिंप्याच्या वहीत गणपतीआधीच्या कुर्त्याचं माप सापडलं, कंबर 36 इंच. आज 34. हे धरायचं ना? आणि माप नक्की कुठे घ्यायचं, नाडी बांधतो तिथे की बेंबीवर?

खलबत्ता:
दोन इंच म्हणजे खरी कमाई आहे, पण शिंपी थोडी ढील धरतो, म्हणून यापुढे घरीच मोजा. सर्वांत खालची बरगडी चाचपा, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, दोहोंच्या मध्यावर पट्टी. श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. महिन्यातून दोनदा पुरे. काटा ठेवा, पण रोज त्याच वेळी, संडासला जाऊन आल्यावर, आणि फॅटचा आकडा महिन्याच्या सरासरीनेच बघा.

वेलची_वेफर:
मोजली. माझी 86 सेंमी. मग नवऱ्याला पकडलं, पोट आत ओढायचा प्रयत्न केला त्याने, तरी 93 भरली. आता काटा परत करायचं बोलत नाहीये. त्याच्या वडिलांना मधुमेह आहे. कुठली तपासणी करू?

पुणेरी_पडवळ:
उंचीच्या निम्म्याहून कंबर जास्त आणि वडिलांना मधुमेह, मग थांबू नका. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातलं कोलेस्टेरॉल वगैरे). रात्री आठ-दहा तास काही खायचं नाही, पाणी चालतं. रिपोर्ट इथे टाकण्यापेक्षा फॅमिली डॉक्टरांना दाखवा.

आंबट_चुका:
आणि आदल्या रात्री त्यांनाही सूपच द्या.