मदत हवी आहे: मालदीवला दोघांनी निव्वळ लोळायला जायचंय, रिसॉर्ट कसं निवडावं?

सुमुक्ता:

मंडळी, फेब्रुवारी २०२७ मध्ये आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. लेक हॉस्टेलवर, सासूबाई नणंदेकडे राहायला आपणहून तयार, म्हणजे ग्रह कधी नव्हे ते जुळून आलेत. आजवरच्या आमच्या सहली म्हणजे पहाटे सहाला बसमध्ये, दिवसभर पॉइंट बघायचे आणि रात्री गरम पाण्यात पाय सोडून बसायचं. या वेळी मला काहीही बघायचं नाहीये. समुद्र, सावली, एक जाडजूड पुस्तक आणि आयतं ताट. चार रात्री, विमानासकट साडेतीन लाखांच्या आत.

नवरा मूळचा मालवणचा. मालदीवचं नाव काढल्यावर पहिलं वाक्य, "मग तारकर्लीन काय घोडं मारलाहा?" तारकर्लीने काही घोडं मारलेलं नाही, पण तिथे पाऊल ठेवलं की चार घरची जेवायची आमंत्रणं येतात आणि एक जरी मोडलं तरी पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं.

आमची माहिती: मी शाकाहारी, अंडं चालतं. तो मासे असले की बाकी काही विचारत नाही. मला तलावात पोहता येतं. तो समुद्राकाठी वाढूनही पाण्यात कंबरेच्या वर जात नाही, चष्मा आहे आणि एक गुडघा कुरकुरतो. मला बोट लागते.

अडलंय ते असं. विमानतळावरून बेटावर जायला सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, घ्यावं की स्पीडबोट? पाण्यावरची ती लाकडी खोली खरंच घेण्यासारखी असते का, की फोटोपुरती? माफुशी वगैरे गावांच्या बेटांवर गेस्टहाउस निम्म्याहून स्वस्त दिसतात, तिथे राहिलं तर काय बिघडतं? एका एजंटाने दिलेल्या दराखाली बारीक अक्षरात '++' लिहिलंय, ते काय प्रकरण आहे? आणि बंगळूरमार्गे संध्याकाळी पाचला मालेला उतरणारं तिकीट बरंच स्वस्त मिळतंय, ते काढून टाकू का?

गाभोळी:

थांबा, ते तिकीट काढू नका! निदान बेट ठरेपर्यंत तरी नाही.

सीप्लेन फक्त उजेडात उडतं. पाचला उतरून पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंत शेवटचं विमान गेलेलं असतं. मग ती रात्र माले किंवा हुलहुमालेच्या हॉटेलात काढायची आणि रिसॉर्टच्या चार रात्रींतली एक वाया. साधारणपणे दुपारी तीनच्या आत उतरत असाल तरच सीप्लेनवाल्या बेटाचा विचार करा. परतीचंही तेच, सकाळचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच निघावं लागतं. स्पीडबोट मात्र अंधार पडल्यावरही सोडतात, तुमच्या विमानाची वेळ कळवून ठेवायची.

पैशाचं म्हणाल तर सीप्लेनचे जाऊन-येऊन माणशी चारशे ते सहाशे डॉलर पडतात. दोघांचे मिळून लाखाच्या आसपास. सामान वीस किलो आणि हातात पाच, वर गेलं की किलोमागे पैसे. नेमकी वेळ बहुतेक वेळा आदल्या रात्री कळते, त्यामुळे लाउंजमध्ये ताटकळणं आलंच. हे सगळं सांगूनही म्हणेन की अनुभव भारी आहे. सोळा-सतरा जणांचं ट्विन ऑटर, पंख्यांचा असा आवाज की शेजारचा काय म्हणतो ते ऐकू येत नाही, आणि समोर वैमानिक चक्क अनवाणी! खाली निळ्या पाण्यात एकेक अटॉल, म्हणजे प्रवाळबेटांचा गोलाकार पुंजका, पांढऱ्या कड्यासारखं उमटत जातं. पण लोळायला जाताय तर त्या एका लाखात रिसॉर्टचा दर्जा एक पायरी वर नेता येईल.

उत्तर माले आणि दक्षिण माले अटॉलमधली बेटं स्पीडबोटीने पंधरा मिनिटं ते तासाभरात गाठता येतात. बोट लागते म्हणताय तर अर्ध्या तासाच्या आतलं बघा. मागच्या बाजूला बसा, तिथे आदळआपट कमी असते. फेब्रुवारीत ईशान्य मोसमी वारे असतात, आकाश कोरडं आणि समुद्र बहुधा शांत. मे ते नोव्हेंबरच्या नैर्ऋत्य वाऱ्यांत दर उतरतात, पण तेव्हा तुमच्या पोटाचं काही सांगता येत नाही.

निवांतराव:

'++' म्हणजे पुढे करांची शेपटी आहे. पहिल्या अधिकाला दहा टक्के सेवाशुल्क, दुसऱ्याला पर्यटनावरचा जीएसटी, जो जुलै २०२५ पासून सतरा टक्के झालाय. आणि तो सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे शंभर डॉलरची वस्तू १२८ डॉलर ७० सेंटला पडते. खोलीलाच नाही, जेवणाला, मालिशला आणि शहाळ्यालासुद्धा.

वर हरितकर. जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी रात्रीला १२ डॉलर, पन्नासपर्यंत खोल्यांच्या गेस्टहाउसवर ६. तुमचे दोघांचे चार रात्रींचे ९६ डॉलर तिथेच गेले. देश सोडतानाचा करही आहे, साध्या वर्गाला ५० डॉलर, पण तो बहुतेक वेळा तिकिटातच धरलेला असतो.

एजंटाला एकच ओळ पाठवा: "सगळे कर, हरितकर, जाण्यायेण्याची बोट आणि जेवण धरून दोघांचा अंतिम आकडा द्या." उत्तर फोनवर नको, ईमेलवर. आमच्या एजंटाने 'जाणंयेणं सहित' म्हणून सांगितलं होतं, ते निघालं विमानतळापासून जेट्टीपर्यंत. जेट्टी विमानतळाच्या दारातच आहे!

जेवणाचं आधी ठरवून घ्या. बेटावर एकच मालक, पलीकडे वडापावची गाडी नसते. नुसत्या नाश्त्यावर खोली घेतलीत तर दुपारच्या साध्या पास्त्याला वीस-पंचवीस डॉलर आणि वर ती शेपटी. दोघंही घेत नसाल तर 'ऑल इन्क्लुझिव्ह' घेऊन दुसऱ्यांच्या दारूचे पैसे भरू नका. नाश्ता आणि रात्रीचं जेवण, म्हणजे हाफ बोर्ड, पुरतं. नाश्ता उशिरा आणि दणकून केला की दुपारी भूक लागत नाही. फक्त हाफ बोर्डमध्ये रात्रीच्या जेवणाबरोबर पाणी फुकट आहे का ते विचारा. काही ठिकाणी त्याचंही बिल येतं.

ठाणेकर_बंड्या:

एवढे पैसे परदेशात घालवण्यापेक्षा अंदमानला जा की. स्वराजद्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक, तिथला राधानगर किनारा बघा. शिवाय सेल्युलर जेल होईल. सावरकरांची कोठडी प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी पाहावी.

सुमुक्ता:

बंड्याभाऊ, कोठडी पाहून झालीय, हॅवलॉकही. पहाटेच्या विमानाने उतरलो, त्याच दिवशी जेल, दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज, आणि हिवाळा असल्याने पाचला सूर्य मावळला की पुढे काय करायचं हा प्रश्न. सुंदर आहे, वाद नाही. पण तिथे गेलो की आमच्यातला सहलवाला जागा होतो आणि नील बेट राहिलं म्हणून हळहळतो. मला असं बेट हवंय जिथे बघण्यासारखं काही राहूच शकत नाही.

गाभोळी, निवांतराव, खूप खूप धन्यवाद. तिकीट थांबवलंय. गेस्टहाउस आणि पाण्यावरच्या खोलीचं कुणी सांगेल का?

तिरफळ:

ताई, मी काही वर्षं हुलहुमालेत हॉटेलच्या नोकरीत होतो, सिंधुदुर्गातलाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी तारीख. २०२७ चा रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतोय, चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस पुढेमागे. रिसॉर्टच्या बेटावर त्याचा पत्ताही लागत नाही. पण माफुशी, दिगुरा, उकुलहस ही वस्तीची बेटं. दिवसा बहुतेक खानावळी बंद, गाव झोपेत, आणि बाहेर बसून खाणंपिणं बरं दिसत नाही. तुम्हाला गेस्टहाउसच हवं असेल तर जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा गाठा.

एरवी ती बेटं मला आवडतात. माणसं भली, हवं ते किराणा दुकानात मिळतं, आणि सकाळचा मासहुनी म्हणजे तुमच्या यजमानांना माहेरी आल्यासारखं वाटेल. ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू हाताने चुरून रोशीबरोबर, म्हणजे तिथल्या चपातीबरोबर, थेट आपल्या सुकटाच्या किसमुरीची चुलत बहीण. पण तुमची तिथे पंचाईत. 'व्हेज' म्हणून मागवलेल्या भाजीतही माशाचा तुकडा निघतो, त्यांच्या लेखी मासा म्हणजे मीठ. रिसॉर्टवर ती भीती नाही. भारतीय पाहुणे इतके येतात की डाळ, भात, पनीर, पराठे असतातच, आणि स्वयंपाकघरात बहुतेक ठिकाणी एखादा तरी भारतीय आचारी भेटतो. आल्या आल्या त्याला गाठा.

शिवाय वस्तीच्या बेटावर पोहण्याच्या कपड्यांत फिरायची मुभा ठरवून दिलेल्या किनाऱ्यापुरतीच असते. तो बहुधा छोटा आणि दिवसा गजबजलेला. पुस्तक घेऊन पडून राहायचं तर ते गाव नव्हे. बऱ्याच सरकारी फेऱ्या शुक्रवारी बंद असतात, तेही ध्यानात असू द्या.

आता पाण्यावरची खोली. हनिमूनवाल्यांना शोभते. यजमानांच्या गुडघ्याला ती पाण्यात उतरायची उभी शिडी, खाली कधी गळ्याइतकं पाणी तर कधी ओढ, आणि जेवायला जायचं तर लांबलचक फळ्यांचा पूल भर उन्हात. रात्रभर खालून पाणी थापा मारतं, काहींना त्याने झोप लागते, काहींची उडते. किनाऱ्यावरची खोली स्वस्त, दारात झाडांची सावली, आणि चार पावलांवर घोट्याइतकं पाणी. पैसे वाचवून पाण्यावर यायचंच असेल तर शेवटची एक रात्र मागा, काही रिसॉर्ट सामान स्वतः हलवून देतात.

खोलीपेक्षा बेटाचं पाणी कसं आहे हे विचारा. काही बेटांभोवती रुंद, उथळ, वाळूचं खाजण असतं, म्हणजे यजमान निर्धास्त, पण तुम्हाला मासे बघायला बोटीने लांब जावं लागणार. काही बेटांना प्रवाळाची कड किनाऱ्यापासून वीस-तीस मीटरवर असते, तिला हाउस रीफ म्हणतात. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं की खाली शंभर रंग. पण कडेपलीकडे एकदम खोल आणि प्रवाह. तुमच्या जोडीला दोन्ही लागतं, एका बाजूला खाजण आणि दुसऱ्या बाजूला कड. अशी बेटं आहेत. नकाशाच्या उपग्रहचित्रात फिकट निळा पट्टा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसला की समजावं. लाइफ जॅकेट मागायला लाजू नका.

तारकर्लीचंही सांगतो. आपल्याकडे कर्ली नदी गाळ आणते, पावसाळ्यात तर समुद्र चहासारखा. मालदीवला नदीच नाही, म्हणून पाणी काचेसारखं. आणि ती पांढरीशुभ्र वाळू बरीचशी पोपटमाशाने प्रवाळ कुरतडून मागून सोडलेली असते. यजमानांना सांगा, आवडेल.

सामानाचं: मुंबईच्या ड्युटी फ्रीमधली बाटली नेऊ नका, मालेला कस्टमवाले ठेवून घेतात. पूजेच्या मूर्ती न्यायलाही बंदी आहे, तेव्हा पर्समधला गणपती घरीच राहू दे. येताना प्रवाळाचा तुकडा उचलू नका. व्हिसा आपल्याला मोफत आहे. इमुगा नावाचा ऑनलाइन अर्ज प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, तोही फुकट. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती त्यांची नव्हे. मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण बऱ्याच रिसॉर्टांवर घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं. परतीच्या बोटीची वेळ कुठल्या घड्याळाने, ते विचारून ठेवा.

गाभोळी:

तिरफळ +१. दोन रात्री माफुशी, दोन रात्री रिसॉर्ट असा सल्ला कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगते, स्वस्त पडतं पण निम्मा वेळ बॅगा भरण्यात जातो. चार रात्रींत तर नकोच.

सुमुक्ता:

तिरफळदादा, काय लिहिलंय! नवऱ्याला वाळूचं सांगितलं, तेव्हापासून तो रिसॉर्टांचे उपग्रहचित्र घेऊन बसलाय. पोपटमाशाने काम केलं.

तर ठरलं असं. जानेवारीचा शेवटचा आठवडा, लग्नाचा वाढदिवस थोडा आधीच साजरा करू. मुंबईहून थेट विमान, दुपारी उतरणारं. दक्षिण माले अटॉल, स्पीडबोट अर्ध्या तासाच्या आत, किनाऱ्यावरची खोली, हाफ बोर्ड. निवांतरावांची ओळ जशीच्या तशी दोन एजंटांना आणि दोन रिसॉर्टांना पाठवली. रिसॉर्टने थेट दिलेला आकडा एजंटापेक्षा कमी आला, आणि तोही करांसकट.

शेवटचं एक. मास्क इथून न्यावा की तिथे भाड्याने मिळतो? नवऱ्याचा नंबर उणे चार आहे. चष्म्यावर मास्क बसतो का?

तिरफळ:

भाड्याने मिळतो, काही ठिकाणी फुकटही, पण नंबरचा क्वचितच. चष्म्यावर मास्क बसत नाही, काडीच्या फटीतून पाणी येतं. नंबरच्या काचांचे तयार मास्क ऑनलाइन मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने. पाण्यात सगळं थोडं मोठं दिसतं, त्यामुळे अर्धा नंबर कमी असला तरी चालतो. आधी घरी नाकाने श्वास ओढून बघा, पट्टा न लावताही चेहऱ्याला चिकटून राहिला तर माप बरोबर. यजमानांना मिशी आहे का? असेल तर वरच्या ओठाशी पाणी झिरपणार. मिशीला थोडं व्हॅसलीन चोपडायला सांगा.

सुमुक्ता:

मिशी आहे, आणि ती आमच्या लग्नाच्याही आधीची आहे. व्हॅसलीनची डबी यादीत लिहिली.