गोव्यातलं नेव्हल एव्हिएशन म्युझियम, लहान मुलाला घेऊन जावं का?

विमानवेडी आई: दिवाळीत गोव्याला जातोय, लेक विमानांच्या मागे अक्षरशः वेडा आहे, तर तिथे नुसती विमानं उभी आहेत की बघण्यासारखं काही आहे? किती वेळ ठेवू?

दर्यावर्दी: ताई नक्की जा! दाबोळी एअरपोर्टपासून जवळच आहे, बोगमाळो रोडवर. सोमवारी बंद असतं तेवढं बघा. तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन आहे ना, आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग एअरफोर्स आणि शेवटी नेव्हीकडे आलं, त्याच्या प्रत्येक इंजिनात १८ सिलिंडर, खाली उभं राहून मान वर करून बघाच.

जुना मेकॅनिक: सी हॉक आणि अलिझे या नेव्हीच्या जुन्या विमानांच्या पंखांवर दुमडायचा सांधा शोधायला सांगा त्याला, जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर जागा कमी म्हणून पंख घडी करून ठेवायचे. आणि सी हॅरियरच्या पोटाजवळची फिरणारी नोझल्स, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर पडायची तोंडं, ती खाली वळवली की विमान जागच्या जागी सरळ खाली उतरायचं, २०१६ ला रिटायर झालं, मला आजही वाईट वाटतं.

दर्यावर्दी: हो, आणि विमानं उघड्यावर आहेत, सकाळीच जा, टोपी-पाणी घ्या, दोन तास सहज जातात.