मॅग्निफायरने लेन्सची कसर भरून निघत नाही

दादा, तुमचा प्रश्न होता की खानापूर भागात उसाच्या कडेला गवा आलाय का ते किलोमीटरवरून बघायला थर्मल कॅमेऱ्याच्या (उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या) २५ मिमी लेन्सवर दुप्पट मॅग्निफायर (मोठं दाखवणारं भिंग) चालेल का. आयपीसमागे, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगामागे लावायचा असेल तर नाही. १२ मायक्रॉनचे पिक्सेल (चित्राचे ठिपके) असलेल्या सेन्सरवर २५ मिमी लेन्सला किलोमीटरवर एक पिक्सेल ४८ सेंमी जागेवर पडतो, म्हणजे अडीच मीटरचा गवा जेमतेम ५ पिक्सेल. मॅग्निफायर तेच ठिपके मोठे करतो. ५० मिमी लेन्सला पिक्सेल २४ सेंमी, गवा १० पिक्सेल. मग अंगाची ठेवण कळू लागते. पण ६४० पिक्सेल रुंद सेन्सरवर दृश्य साडेसतरावरून पावणेनऊ अंशांवर येतं, तेव्हा ट्रायपॉड घ्याच.

लेन्सच्या पुढं लावायचा कन्व्हर्टर (चित्र मोठं करणारी जोडलेन्स) जर्मेनियमसारख्या उष्णता आरपार सोडणाऱ्या पदार्थाचा हवा, साध्या काचेतून ही उष्णता जातच नाही. त्याचं तोंड लहान असलं तर लेन्सचा f-आकडा (फोकल लांबी भागिले तोंडाचा व्यास) f/१ चा f/२ होऊन ऊर्जा चौथाईवर येते आणि पावसाळी धुक्यात चित्र पार मळकट दिसतं.