मदत हवी आहे: समरमध्ये नॅशनल पार्कात पेड फिल्डवर्क, एफ-१ (स्टुडंट) व्हिसावर

नमस्कार मंडळी, मी मूळची साताऱ्याची, सध्या युटामध्ये रिक्रिएशन मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करतेय, पहिलं वर्ष मे मध्ये संपतंय. समरला पार्कात फिल्डवर्क करायचंय, म्हणजे ट्रेलच्या तोंडाशी थांबून लोकांचा सर्व्हे घेणं, माणसं मोजणारे काउंटर लावणं, लोकांनी शॉर्टकट मारून पाडलेल्या पायवाटा जीपीएसवर मोजणं वगैरे. इथल्या झायन नॅशनल पार्कात २०२२ पासून एंजल्स लँडिंग या ट्रेलला परमिट लागतं, असे निर्णय अशाच डेटावर घेता येतात आणि मला तेच शिकायचंय, कारण आमच्या कासला फुलांच्या सीझनला जी झुंबड उडते ती बघून खरंच जीव तुटतो.

अडचण अशी की एनएसएफचे (अमेरिकन सरकारची रिसर्चला पैसे देणारी संस्था) आरईयू, म्हणजे स्टुडंट्ससाठीचे पेड रिसर्च प्रोग्रॅम, सिटिझन आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच, तेही बॅचलर्सला असणाऱ्यांना, त्यामुळे तो रस्ता बंद. फुकट व्हॉलंटिअरिंग परवडणार नाही, भाडं भरायचंय. प्रोफेसरांच्या ग्रँटमधून युनिव्हर्सिटीनेच पगार दिला पण काम पार्कात असेल तर ते ऑन-कॅम्पस धरतात की सीपीटी (कोर्सचा भाग म्हणून कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी) घ्यावंच लागतं? इंटरनॅशनल ऑफिसला विचारणारच आहे, पण कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा. आणि राहायची सोय, गाडी कोण देतं? मला अजून ड्रायव्हिंग येत नाही, त्याचं जास्त टेन्शन आलंय.