९६.४ पर्सेंटाइल, ओबीसी मुलगी, बारावी लातूरहून. सीओईपी नाही तर नांदेड-संभाजीनगर तरी लागंल का?

सेलूकर_किराणा

नमस्कार मंडळी. पोरीला इंजिनिअरिंगच्या सीईटीला (प्रवेश परीक्षेला) पीसीएममधी (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ९६.४ पर्सेंटाइल आलेत, बारावीला पीसीएम मिळून ८१ टक्के. दहावी सेलूलाच झाली, अकरावी-बारावी लातूरला हॉस्टेलवर ठेवून केली. आम्ही ओबीसी, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचा दाखला) काढलेली आहे, नॉन क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) मागच्या साली काढलेलं आहे. तिला कॉम्प्युटरच पाहिजे आन् तेबी सरकारीच, त्यात पुण्याचं सीओईपी (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग) डोक्यात पक्कं बसलंय.

आता दुकानावर जो येईल तो सल्ला देऊन जायलाय. एक म्हणतो ९६ म्हणजे लई झाले, कुठंबी लागंल. दुसरा म्हणतो ९६ ला सरकारीत कुणी विचारत नाही, पुण्याला प्रायव्हेटमधी मॅनेजमेंटमधून घालून टाका, माझ्या ओळखीचा माणूस आहे. मी सोता कटऑफची पीडीएफ उघडली तर एकाच कॉलेजच्या एकाच ब्रँचपुढं पंधरा-वीस आकडे, वर एक खाली एक, कोणता आमचा तेच कळंना. बारावीचे ८१ टक्के कुठं धरतेत का? लातूरला बारावी केल्यानं काही फरक पडतो का? आन् कागदं नेमके कोणते? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं, ही विनंती.

विष्णुपुरी_माजी

काका, पहिले बारावीचं संपवतो कारण ते सोपं आहे. ८१ टक्क्यांचा उपयोग फक्त पात्रतेपुरता. फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा केमिस्ट्री वगैरे मिळून ओपनला ४५ टक्के आणि आपल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, ते झालं की बारावीचं काम संपलं. मेरिट पूर्ण सीईटीच्या पर्सेंटाइलवर. दोघांचे पर्सेंटाइल सारखे आले तर आधी मॅथ्सचे बघतात, मग फिजिक्स, मग केमिस्ट्री, बारावीचे मार्क त्याच्याही नंतर.

आता पीडीएफ. प्रत्येक चौकोनात दोन आकडे असतात, मोठा आकडा म्हणजे स्टेट मेरिट नंबर आणि कंसातला पर्सेंटाइल. दोन्ही शेवटच्या सीटवर जो विद्यार्थी लागला त्याचे. वरचं कोड तुकडे करून वाचा. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे स्टेट लेव्हल. म्हणजे तुमच्या मुलीसाठी नुसतं एल-ओबीसी बघून चालत नाही, जी-ओपन, एल-ओपन, जी-ओबीसी, एल-ओबीसी चारही कॉलममधे तिचा विचार होतो, ज्यात बसेल त्यात सीट मिळते. लोक फक्त एक कॉलम बघतात आणि हातपाय गाळतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ही कुणीच सांगत नाही. समजा एखाद्या ब्रँचला ६० सीट आहेत. ओबीसीला १९ टक्के म्हणजे अकराच्या आसपास, त्यात मुलींचं ३० टक्के धरलं तर एल-ओबीसीला जेमतेम तीन. त्या कॉलममधला कटऑफ म्हणजे तीन पोरींपैकी तिसरीचे मार्क, दुसरं काही नाही. त्या तिसरीनं ऐनवेळी मेडिकल घेतलं किंवा पुण्याला गेली की पुढच्या फेरीत कटऑफ धाडकन खाली, आणि पुढच्या साली एखादी जास्त मार्कांची आली की परत वर. म्हणून एका वर्षाचा एल-ओबीसीचा आकडा बघून "लागतंच" किंवा "लागत नाहीच" असं म्हणायला काही अर्थ नाही. दोन-तीन वर्षांचे काढा, पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही फेऱ्यांचे काढा, आणि आपल्याला पट्टा किती रुंद आहे ते बघा.

तिसरं, नुसते पर्सेंटाइल एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाला लावू नका. २०२४ ला पीसीएमला बसलेले तीन लाखांच्या आसपास होते, २०२५ ला चार लाखांच्या वर गेले. ९६.४ म्हणजे तुमच्या वर ३.६ टक्के पोरं. तीन लाखात ते साधारण पावणेअकरा हजार होतात, चार लाखात साडेचौदा हजार. पर्सेंटाइल तेच, रांगेतली जागा साडेतीन हजारानं मागं. (मेरिट लिस्टला सगळे फॉर्म भरत नाहीत म्हणून प्रत्यक्ष नंबर थोडा बरा येतो.) सीटा काही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, निदान जुन्या सरकारी कॉलेजात तरी नाही. म्हणून फायनल मेरिट लिस्ट लागली की मुलीचा मेरिट नंबर घ्या आणि तो जुन्या पीडीएफमधल्या मेरिट नंबरशी ताडून बघा, नसता फसगत होते.

सीओईपी कॉम्प्युटरचं विचाराल तर स्पष्ट सांगतो, ओपनला साडेनव्व्याण्णवच्या वरचा खेळ आहे, ९६.४ ला ओबीसी मुलीच्या कॉलममधूनही धरू नका. पण ऑप्शन टाकायला पैसे पडत नाहीत, तिची हौस म्हणून वर टाका.

सेलूकर_किराणा

बापरे, एवढं क्लासवाल्यानंबी सांगितलं नव्हतं. धन्यवाद भाऊ. मग नांदेडचं काय? आन् ते लातूरचं राहिलं.

विष्णुपुरी_माजी

नांदेडला एसजीजीएस, गुरु गोबिंद सिंगजी, १९८१ चं, शासन अनुदानित आणि स्वायत्त. कॉम्प्युटर-आयटी तिथंही वरच जातं, पण ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन हे तुमच्या टप्प्यात धरून चला. प्रॉडक्शन आणि टेक्स्टाइलला कटऑफ बराच खाली येतो, टेक्स्टाइल तर राज्यात मोजक्याच ठिकाणी आहे. मी तिथलाच म्हणून कौतुक करायलो असं समजू नका, मेसचं जेवण विचाराल तर काही बोलत नाही.

संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं, तेही स्वायत्त. तुमचं सेलू बरोबर मधोमध, एकीकडं नांदेड एकीकडं संभाजीनगर, तपोवन एक्सप्रेसला बसलं की दोन्हीकडं जाता येतं. पोरीला शनिवारी-रविवारी घरी यायचं असेल तर हे पुण्यापेक्षा लाखपट बरं.

औराद_शहाजानी

लातूरच्या बारावीचं मी सांगतो. होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी जिथून पास झाली त्यावर, घर कुठं आहे त्यावर नाही. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात येतात. तुम्ही परभणी जिल्ह्यातले आणि बारावी लातूरची, म्हणजे तुम्हाला काहीच फरक नाही, इकडून तिकडं एकच. पण अंबाजोगाई, परळी, कळंबची पोरं लातूरला येतात त्यांचं घर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि होम युनिव्हर्सिटी मात्र नांदेडची होते, आणि जे पुण्याला बारावीला जातात त्यांची पुणे विद्यापीठ. पुष्कळ पालकांना हे ऑप्शन फॉर्म भरताना कळतं. जिथं ७०:३० आहे तिथं ७० टक्के सीट होमवाल्यांना, म्हणून फरक पडतो. सरकारी स्वायत्त कॉलेजांच्या कोडात शेवटी एस दिसेल, तिथं हा प्रश्नच नाही, सगळा महाराष्ट्र एकाच रांगेत. मेडिकलचा तो मराठवाड्याचा ७०:३० वेगळा होता, तो २०२० ला गेला, लोक दोन्हींची खिचडी करतात.

धर्माबाद_एक्सप्रेस

त्यात आमच्या बॉर्डरच्या लेकरांची अजून वेगळी तऱ्हा. इंटरमीडिएटला हैदराबाद-निजामाबादला गेलं की ए टाइप (दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून) जातो, मग आई-बापाच्या डोमिसाइलवर बी टाइपमधून भरावं लागतं आणि होम युनिव्हर्सिटी पण त्या डोमिसाइलवरून. मिळतं सगळं, पण कागद एक जास्त लागतो. सेलूकर काका, तुमचं ए टाइप, निवांत रहा.

सेतूवाला_जिंतूर

कागदाचं माझ्याकडून घ्या, रोज हेच करायलोय. टीसीवर जन्मगाव आणि "भारतीय" हे दोन्ही नीट लिहिलेलं आहे का आत्ताच बघा, नसल तर डोमिसाइल-नॅशनॅलिटी काढून ठेवा. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, तुमच्याकडं आहे म्हणता, उत्तम. नॉन क्रिमीलेअर मागच्या साली काढलंय म्हणता ना, तर त्याच्यावर कधीपर्यंत वैध लिहिलंय ते आज रात्रीच बघा, अॅडमिशनच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालायला पाहिजे. ते ३१ मार्चला संपलेलं असलं की ओबीसी धरत नाहीत, सरळ ओपनमधी. निकालानंतर तहसीलला जी झुंबड असते ती बघितल्यावर लोक रडकुंडीला येतात, सर्व्हर डाउन, साहेब मिटिंगला.

आणि नॉन क्रिमीलेअर वेगळं, उत्पन्नाचा दाखला वेगळा. दोन्हीत आठ लाखाचा आकडा आहे म्हणून लोक एकच समजतात. उत्पन्नाचा दाखला लागतो फीसाठी. जुलै २०२४ च्या जीआरनं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच की अॅडमिशन कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) झालं पाहिजे. तुमच्या गिऱ्हाइकानं सांगितलेलं मॅनेजमेंट त्यात बसत नाही, अभिमत आणि खाजगी विद्यापीठं पण नाहीत. म्हणजे त्या ओळखीच्या माणसाचं ऐकलं तर लाखांची फी खिशातून, आणि कॅपमधून प्रायव्हेट लागलं तरी ट्यूशन फी शून्य. हॉस्टेल-मेस मात्र आपलं आपल्याला.

टीएफडब्ल्यूएस पण असतं, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या पाच टक्के जादा सीटा, पण तुमच्या पोरीची फी तशीही माफ आहे. तरी त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी, एखादी जास्तीची संधी म्हणून टाकायला हरकत नाही. फक्त त्यात जातीचा कॉलम नसतो, सगळे एकाच मेरिटला, म्हणून कटऑफ वर जातो.

पुण्यात_रुळलेला

माझं जरा वेगळं मत. सीओईपी हे नाव आहे राव. १८५४ चं कॉलेज, २०२२ पासून स्वतःचं विद्यापीठ. मेटलर्जी नाहीतर मॅन्युफॅक्चरिंगला एल-ओबीसीतून लागलं तर डोळे झाकून घ्या, ब्रँच नंतर बघता येते, पोरं कोडिंग कुठूनही शिकतात.

विष्णुपुरी_माजी

हे पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे. ज्या पोरीला कॉम्प्युटरच पाहिजे तिला चार वर्षं धातू शिकवायचा आणि वर म्हणायचं रात्री यूट्यूबवर कोडिंग शिक. पुष्कळ जमवतात, मान्य. पण सगळ्यांना जमत नाही, आणि ज्यांना जमलं नाही ते कुठं लिहीत नाहीत. मेटलर्जी वाईट नाही हो, ज्याला आवडते त्याला सोनं आहे, पण नावासाठी नको. काका, पोरीला विचारा की कॉम्प्युटर मोठं की सरकारी मोठं की पुणे मोठं. तिन्ही एकदम ९६.४ ला मिळणार नाहीत, दोन मिळतील.

पुण्यात_रुळलेला

बरं बाबा, हे बरोबर आहे. एक भर घालतो, लोणेरेचं पण बघा. बाटूचा (डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा) स्वतःचा कॅम्पस तिथं रायगड जिल्ह्यात आहे, कॉम्प्युटर, आयटीपासून पेट्रोकेमिकलपर्यंत सगळं आहे. लांब पडतं म्हणून आपल्याकडची पोरं टाकत नाहीत. पण एक लक्षात ठेवा, आपल्या मराठवाड्यात बरीच खाजगी कॉलेजं बाटूला संलग्न आहेत आणि बॅनरवर "शासकीय तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न" असं ठळक छापतात. परीक्षा आणि डिग्री बाटूची, कॉलेज खाजगीच. लोणेरे कॅम्पसचा कटऑफ बघून त्यांचा अंदाज बांधू नका.

सेलूकर_किराणा

नॉन क्रिमीलेअर बघितलं, खरंच ३१ मार्चलाच संपलंय. उद्या सकाळीच तहसील. सेतूवाले भाऊ, तुमचे लई उपकार.

पोरीशी बसून बोललो. ती म्हणते कॉम्प्युटर नाहीतर आयटी, नाहीच झालं तर ईएनटीसी, पुण्याचा हट्ट सोडते पण सरकारी सोडत नाही. आम्ही असा क्रम लावलाय: १ सीओईपी कॉम्प्युटर, २ नांदेड ईएनटीसी, ३ नांदेड कॉम्प्युटर, ४ संभाजीनगर कॉम्प्युटर, ५ नांदेड आयटी, मग बाकी. ईएनटीसी वर टाकलं कारण ते लागायची शक्यता जास्त आहे.

औराद_शहाजानी

नाही नाही, हे उलटं झालं. शक्यता बघून क्रम लावायचा नसतो, आवड बघून लावायचा. कॉम्प्युटर आधी पाहिजे असेल तर नांदेड कॉम्प्युटर, संभाजीनगर कॉम्प्युटर, नांदेड आयटी हे सगळे ईएनटीसीच्या वर. वर टाकल्यानं खालचं जात नाही, मशीन वरून खाली बघत येतं आणि जे पहिलं बसेल ते देतं. तुमच्या क्रमानं ईएनटीसी लागलं तर तिसऱ्या नंबरचं कॉम्प्युटर मिळत असूनही मिळणार नाही.

आणि ऑटो फ्रीजचं ध्यानात ठेवा. २०२४ पर्यंत तीन फेऱ्या होत्या, २०२५ ला चार झाल्या आणि नियम असा होता की पहिल्या फेरीत एक नंबरचा ऑप्शन लागला की लॉक, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनातला लागला की लॉक, तिसऱ्यात पहिल्या सहातला. लॉक झाल्यावर घेतलंच पाहिजे, नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तुमचं ईएनटीसी दोन नंबरला आहे, दुसऱ्या फेरीत लागलं असतं की विषय संपला, पुढं कॉम्प्युटरची सीट रिकामी झाली तरी तुम्ही बघत बसला असता. यंदाच्या माहितीपत्रकात हाच नियम आहे का ते एकदा वाचून घ्या. पहिल्या सहात फक्त तेच टाका जे लागलं तर पेढे वाटाल. तीनशेपर्यंत ऑप्शन टाकता येतात, खाली हवं तेवढं टाका.

सेलूकर_किराणा

बरोबर. मग असं करतो, सहाच्या आत कॉम्प्युटर-आयटी, लोणेरेबी त्यातच, ईएनटीसी सातपासून खाली. पोरगी म्हणायली सीओईपी एक नंबरला राहूच द्या.

सेतूवाला_जिंतूर

राहू द्या. फक्त फॉर्म भरल्यावर कन्फर्म करायचं विसरू नका, नुसतं सेव्ह केलेला फॉर्म धरत नाहीत. आणि तहसीलला जाताना जुनं नॉन क्रिमीलेअर आणि तीन वर्षांचा उत्पन्नाचा पुरावा घेऊन जा, नसता परत हेलपाटा.