झावळ्या परत करायची वेळ झाली! (ईस्टरआधीचा उपवासकाळ, नाताळाआधीचा आगमनकाळ, सणवार: आपापले अनुभव लिहा)

वसईची_मडगावात
काल रविवारचा मिस्सा (चर्चमधली उपासना) संपला तर चर्चच्या दारात पुठ्ठ्याचा खोका. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या यात टाका, म्हणे. त्याच जाळून राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख करतात. बाहेर रस्त्यावर इंत्रुजचे (कार्निव्हलचे) स्पीकर, रस्ते बंद, मी खोक्यापाशी रिकाम्या हाताने.

घरी येऊन आल्तारावरच्या सायबिणीच्या (मारियामातेच्या) तसबिरीमागे हात घातला तर एक नाही, तीन निघाल्या. तिन्हींचे विणलेले क्रूस. सर्वांत जुना पापडासारखा, हात लावला की मोडतो, आणि त्याचा एक हात अर्धाच. सासूबाईंचं काम. वीज कडाडली की त्या चिमूटभर तुकडा मोडून निखाऱ्यावर टाकायच्या आणि प्रार्थना पुटपुटायच्या. मी वसईची, चार बुकं शिकलेली, गालात हसायचे.

त्या गेल्या त्याच्या पुढच्या जूनमध्ये रात्री लाईट गेली, गडगडाट असा की मुलगा पलंगाखाली. मी काही ठरवलं नव्हतं. गॅसवर तवा तापवला आणि झावळीचा तुकडा त्यावर टाकला. ती श्रद्धा होती की सासूबाईंची सवय, मला विचारू नका. घरभर धूर झाला, मुलगा खोकला आणि झोपला.

तर लिहा. चमत्कार नकोत. आगमनकाळ, उपवासकाळ, पास्का म्हणजे ईस्टर, नाहीतर मधले हिरव्या झग्याचे साधे रविवार, स्वयंपाकघरात किंवा कामावर देव कुठे आडवा आला ते.

बांगडा_फ्राय
पहिला मी. उपवासकाळात शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून आमच्याकडे सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) होतं. केवढा तो त्याग 😇

वसईची_मडगावात
@बांगडा मेल्या, सुंगटांचा भाव बघितलास का? त्यागच आहे तो.

पेडण्याचा_मास्तर
आम्ही हिंदू, पण लिहितो. शेजारच्या मावशींकडून नाताळाला कुंस्वाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट यायचं: नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं. आई ते ताट धुऊन ठेवायची आणि दिवाळीला त्यातूनच पोहे जायचे. रिकामं परत करायचं नाही. एक वर्ष ताट आलं नाही, त्यांच्याकडे दुःख होतं. तेव्हा आईने आपलं ताट आधी पाठवलं. धर्माबद्दल चकार शब्द नाही.
विषयाला धरून नसेल तर उडवा.

वसईची_मडगावात
मास्तर, उडवते कशाला. देव बरें करूं.

नगरचा_फरशीवाला
टायपिंग चुकलं तर माफी, साईटवर आहे. आमच्या नगरच्या चर्चात राख लावत नाहीत. पेटी, तबला, मराठी भजनं, त्यात मी वाढलो. वास्कोला कामाला आलो तेव्हा मिस्सा कोकणीत, निम्मा डोक्यावरून. पहिल्या गुड फ्रायडेला मित्राबरोबर गेलो. घंटा बंद, तिच्याजागी लाकडाचा खटखटा वाजवत होते. कोरडा आवाज. आम्ही फरशी बसवली की ठोकून ऐकतो, खाली माल नीट भरला का पोकळ राहिली. मला तसंच वाटलं, कोणीतरी मला ठोकून बघतंय. पोकळच होतो तेव्हा, पीत होतो फार. लगेच सुटली नाही, दोन वर्षं गेली. पण तो आवाज डोक्यात राहिला.
मुकादम आला, नंतर लिहितो

रायतूरची_लेक
दादा 🙏
तुम्हाला सांगते, राशोलच्या सेमिनरीतले फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होते, 1579 साली गोव्यात आले आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली. 1616 मध्ये छापलं ते क्रिस्तपुराण. म्हणजे तुमची मराठी भजनं इथे परकी नाहीत. आजी म्हणायची, ओवी जात्यावर बसते तशी मिस्सात पण बसते.

रात्रपाळी
जुन्या गोव्याची संत फ्रान्सिस झेवियरची नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) 24 नोव्हेंबरला सुरू, 3 डिसेंबरला फेस्त. नऊ दिवसांत मी एकदाच पोचले, तेही नर्सच्या गणवेशात, बसमध्ये उभ्याने झोपत. मंडपात बाकावर बसले ती थेट शेवटच्या आशीर्वादाला जागी झाले. शेजारच्या अनोळखी बाईने माझं डोकं खांद्यावर ठेवू दिलं होतं. माझी नोवेना तेवढीच. वॉर्डात बोलावतायत

सांजावचा_जावई
24 जूनला सांजाव, सासुरवाडीला बोलावणं. बाप्तिस्मा देणारा योहान आईच्या पोटात आनंदाने उडाला म्हणून आपण विहिरीत उडी घ्यायची. डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट), हातात फेणी, आणि मला पोहता येत नाही हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. मेहुण्यांनी ढकलला. सासऱ्यांनी केस धरून वर काढला. त्या दिवसापासून बाप्तिस्म्याचा पाठ चर्चमध्ये वाचला की नाकात पाणी गेल्यासारखं होतं.

बांगडा_फ्राय
😂😂 कोपेल वाचलं का?

सांजावचा_जावई
तेच तर तरंगत होतं.

रायतूरची_लेक
आमच्या रायला 5 ऑगस्टला कणसाचं फेस्त. फादर विळ्याने शेतातली पहिली कणसं कापतात, आशीर्वाद देतात, आम्ही घरी आणून आल्तारावर ठेवतो. गेल्या पावसाळ्यात आमचं शेत पडीक, लावणीला माणूसच मिळालं नाही. दुसऱ्याच्या शेतातलं कणीस आणताना लाज वाटली. वडील म्हणाले, देवाने सातबारा मागितला नाही.

पेडण्याचा_मास्तर
अहो सातबारा महाराष्ट्रात! गोव्यात एक-चौदाचा उतारा.

रायतूरची_लेक
वडिलांचं अर्धं आयुष्य मुंबईत गेलं मास्तर 😄

नवी_आई_फोंडा
मध्येच विचारते, नाताळच्या गोठ्यात जी हिरवी गवताची कुरणं असतात ती कशी करतात? मुलीला शाळेत करायचंय. आत्ता फेब्रुवारी आहे माहीत आहे, विसरेन म्हणून.

वसईची_मडगावात
नाचणी. पत्र्याच्या डब्यात माती, वर दाट पेरायची, नाताळाच्या दोनेक आठवडे आधी.

पेडण्याचा_मास्तर
आमच्या नवरात्रातल्या रुजवणासारखंच की.

वसईची_मडगावात
अगदी. आणि झावळ्यांचं कोणी विचारलं नाही तरी सांगते: मधली खोक्यात टाकून आले, आज सकाळी. नवी अजून हिरवट आहे, तिला मुलगा हात लावू देत नाही. जुनी राहिलीय तसबिरीमागे, पावसाळा यायचाय.

नवी_आई_फोंडा
नाचणी भिजवायची का आधी?

वसईची_मडगावात
एक रात्र. आणि डब्यावर जाळी घाला, आमच्याकडे गेल्या वर्षी बेथलेहेम उंदराने खाल्लं.