तेंदूचा व्यापारी ॲडव्हान्स घेऊन गावात आला आहे, ग्रामसभेनं काय करावं?

डोंगरपायथा

नमस्कार सगळ्यांना. आमचं गाव गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात, पासष्ट-सत्तर घरं, बहुतेक गोंड आणि काही कुटुंबं इतर समाजाची. सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाचा हक्क, असा दावा मंजूर होऊन पट्टा हातात आला त्याला बरीच वर्षं झाली पण खरं सांगायचं तर तो कागद लॅमिनेट करून समाजमंदिराच्या भिंतीवर लावला आणि तिथंच राहिला. तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, लिलाव आतापर्यंत आम्ही पर्याय १ मध्येच होऊ दिला, म्हणजे वनविभागानंच करायचा आणि आम्ही तोडायला जायचं. यावर्षी पोरांनी जोर लावला की पर्याय २ घेऊ, ग्रामसभाच विकेल, आणि ठरावही झाला.

आता अडचण अशी की एक व्यापारी दोनदा गावात येऊन गेला, म्हणतो होळीच्या आधी करारावर सह्या करा, मी आत्ताच दोन लाख ॲडव्हान्स देतो, लिलाव-बिलाव जाहिरात-बिहिरात कशाला करता, त्यात खर्चच होतो. गावात दोन-तीन लग्नं आहेत, मंदिराचं काम अर्धवट आहे, त्यामुळे बऱ्याच लोकांना हे पटून राहिलं. दर पण गेल्या वर्षीपेक्षा थोडा जास्तच सांगतो. मला मात्र काहीतरी खटकते आहे पण नेमकं काय ते शब्दात मांडता येत नाही, आणि मी शिकलेला म्हणून सगळे माझ्याच तोंडाकडे पाहून राहिलेत. ज्यांच्या ग्रामसभेनं स्वतः विक्री केली त्यांनी प्लीज सांगा, सुरुवात कुठून करायची, आणि ॲडव्हान्स घ्यावा की नाही?

जंगलवाट

दादा, घेऊ नका. आधी हे एवढंच लिहितो, बाकी नंतर वाचा.

आमच्या ग्रामसभेनं २०१७ पासून स्वतः विक्री सुरू केली. पहिल्या वर्षी भाव चांगला लागला, सगळे खूश, मोटारसायकली आल्या गावात. दुसऱ्या वर्षी अशाच एका व्यापाऱ्यानं ॲडव्हान्स दिला, आम्ही घेतला, आणि त्यानं अजून एक गोष्ट मागितली जी तेव्हा आम्हाला अगदी किरकोळ वाटली, की वाहतूक परवान्याच्या बुकावर अध्यक्ष-सचिवाच्या सह्या आधीच करून ठेवा, ट्रक रात्री-बेरात्री येतो, तुम्हाला उठवायचं कशाला. आम्ही करून दिल्या. मे संपता संपता पाऊस यायची भीती होती म्हणून माल भराभर उचलला गेला, निम्मे पैसे आले आणि उरलेले निम्मे यायला पुढची पावणेदोन वर्षं गेली, तेही पूर्ण आले नाहीत. तो माणूस फोन उचलायचा बंद झाला आणि गावात लोक आमच्यावर संशय घ्यायला लागले की हेच खाऊन बसले. त्या दोन वर्षांत आमची ग्रामसभा जवळजवळ मोडली होती, सभेला आठ-दहा माणसं यायची.

म्हणून सांगतो, सगळी ताकद त्या परवान्याच्या बुकात आहे. २०१२ मध्ये वनहक्काच्या नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्यात स्पष्ट आहे की गौण वनोपजाचा, म्हणजे लाकूड सोडून जंगलातल्या बाकी मालाचा, वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीनं किंवा ग्रामसभेनं नेमलेल्या माणसानं द्यायचा, आणि त्यावर ग्रामसभेनं सरकारला रॉयल्टी वगैरे भरायची नाही. हे आपल्याला फुकट मिळालेलं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये पट्टा मिळाला, अठराशे हेक्टरच्या आसपास जंगल, पण तरीही बांबू विकता येईना, कारण वनविभाग म्हणायचा बांबू हे झाड आहे, परवाना आम्हीच देणार. वनहक्क कायद्यात तर बांबू गौण वनोपजात साफ लिहिलेला होता. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं बुक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्या एका पुस्तकासाठी एवढं भांडण झालं, आणि आम्ही ते कोरं सही करून दुसऱ्याला देऊन टाकलं.

आता आमची पद्धत सांगतो. पुडे मोजून झाले, वाळले, बोरे भरून गोदामात गेले की गोदामाला दोन कुलुपं, एक व्यापाऱ्याचं एक ग्रामसभेचं. हप्ता खात्यात जमा झाल्याचं पासबुकात छापून आलं की तेवढ्याच गोण्यांचा परवाना फाडायचा. मेसेज नाही, चेकचा फोटो नाही, पासबुकात छापलेलं पाहिजे. मागच्या चार सीझनमध्ये एक रुपया बुडला नाही.

साधा_माणूस

मी थोडं वेगळं म्हणतो, राग मानू नका. आमच्या ग्रामसभेनंही दोन वर्षं पर्याय २ करून पाहिला आणि परत पर्याय १ ला आलो. कारण गावात लिहिणारी माणसं तीन, त्यातले दोन नागपूरला कामाला गेले. उरलेला एक जण जाहिरात, करारनामा, जीएसटी, बँक सगळं बघणार, म्हणजे व्यापाऱ्याऐवजी त्या एकाच्या हातात सत्ता गेली एवढंच झालं. वनविभागाच्या लिलावात भाव कमी मिळतो हे मान्य, पण पैसे बुडाले तर निदान कोणाच्या दारात बसायचं ते माहीत असतं. डोंगरपायथा भाऊ, तुमच्या गावात हिशोब किती जणांना कळतो ते आधी बघा, जोश नंतर.

जंगलवाट

हे म्हणणं खरं आहे, मी खोडत नाही. पण उपाय पर्याय १ नाही, उपाय म्हणजे लिहिणारे वाढवणं. आणि नाहीच जमलं तर चार-पाच गावांनी मिळून लिलाव करायचा. कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आहे, एकट्या गावाला व्यापारी दमात घेतो, वीस गावं एका टेबलावर बसली की त्याचं बोलणंच बदलते. आणि भाव आजूबाजूला काय लागला ते लगेच कळतं, नाहीतर प्रत्येक गावाला वेगळा आकडा सांगून फिरतात.

मोहाची_सावली

मी बाई माणूस, बचत गटात आहे आणि आमच्या ग्रामसभेच्या समितीवर आहे. वरती दादांनी गोदाम आणि परवान्याचं सांगितलं ते बरोबर पण पैसा त्याच्या आधीच गळतो, फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात त्या जागी. ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पहाटे चारला उठून आम्ही जंगलात जातो, नऊ-दहापर्यंत पानं तोडून डोक्यावर भारा घेऊन घरी, मग घरभर बसून पुडे बांधायचे, सत्तर पानांचा एक पुडा, लहान लेकरापासून म्हातारीपर्यंत सगळे बांधतात. सांजच्याला फळीवर नेऊन मातीत रांगेनं मांडायचे. आधी काय व्हायचं, पुडे मोजून घेणारा मुन्शी व्यापाऱ्याचा, वही त्याची, काठी घेऊन रांगेतून चालायचा आणि शेकड्यामागे चार-पाच पुडे पायानं बाजूला सारायचा, म्हणायचा पान फाटलं, पान लहान. बाजूला सारलेले ते पुडे परत घरी नाही न्यायचे, तिथंच पडून राहायचे आणि रात्री तेही बोऱ्यात भरले जायचे. हजार पुड्यांची गोणी, तुम्हीच हिशोब करा एका सीझनमध्ये एका बाईचे किती गेले. कोणी बोललं तर उद्या तुझं पान घेत नाही म्हणायचा.

आता मुन्शी आमच्या गावचाच, ग्रामसभेनं नेमलेला, आणि त्याच्याजवळ रोज दोन बाया बसतात, पाळीपाळीनं. खराब पुडा असेल तर तो तिथल्या तिथं बाईच्या हातात परत. आणि रजिस्टरवर नाव कोणाचं लिहायचं यावर आमची तीन सभा भांडणं झाली. आधी घरच्या माणसाचं नाव असायचं, पैसे त्याच्या खात्यात. आता जी तोडते तिचं नाव. माझ्या सासूच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा बँकेत पैसे आले ते वयाच्या साठीनंतर, ती पासबुक उशाखाली घेऊन झोपत होती कितीतरी दिवस.

अजून एक, सभा कधी घेता? आमच्याकडे आधी सांजच्याला सात वाजता घ्यायचे, तेव्हा आम्ही चुलीपाशी. मग बाया येत नाहीत म्हणून तक्रार. आता दुपारी जेवणं झाल्यावर घेतात. वनहक्काच्या नियमात कोरमच निम्म्या गावाचा आहे आणि हजर असतील त्यांच्यात एक तृतीयांश बाया पाहिजेत, तो नुसता सह्यांपुरता घरोघरी रजिस्टर फिरवून भरू नका. तो ॲडव्हान्सवाला दुपारच्या सभेत सगळ्या बायांसमोर येऊन बोलू द्या, मग बघा.

हिशोबनीस

मी अकाउंट्सचं काम करतो, दोन-तीन ग्रामसभांना मदत केली आहे म्हणून थोडक्यात. ग्रामसभेच्या नावानं वेगळं बँक खातं, पॅन, आणि तेंदू विकत असाल तर टॅन (कर गोळा करणाऱ्याचा नंबर) पण लागेल कारण तेंदूपत्त्याच्या विक्रीवर टीसीएस, म्हणजे घेणाऱ्याकडून घ्यायचा आयकर, विकणाऱ्यानं गोळा करून भरायचा असतो, म्हणजे तुम्ही. जीएसटीचं पण करारनामा करायच्या आधी जाणकाराला विचारा, तो दरात धरलेला आहे की वेगळा ते करारात लिहा. बऱ्याच ग्रामसभांना हे कोणी सांगतच नाही आणि दोन-तीन वर्षांनी नोटीस येते तेव्हा समिती बदललेली असते, कागद सापडत नाहीत. करारात मजुरी किती आणि व्यापाऱ्यानं ग्रामसभेला द्यायची रॉयल्टी किती हे दोन आकडे वेगळे लिहून घ्या, एकच एकत्र आकडा नको. मजुरी तोडणाऱ्याची, ती आठवड्याला वाटली गेली पाहिजे, रॉयल्टी ग्रामसभेच्या कोषात, ती कशी खर्चायची ते सभेनं ठरवायचं. दोन्ही एकत्र झाले की भांडण ठरलेलं. आणि अनामत रक्कम कराराच्या दिवशीच खात्यात, रोख नको. तो जे दोन लाख देतो म्हणतो ते ॲडव्हान्स नसून अनामत म्हणून खात्यात भरायला सांगा, तयार झाला तर माणूस बरा, नाही झाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

डोंगरपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं, ती काहीच बोलली नाही, मग थोड्या वेळानं म्हणाली आपल्याकडेपण असंच होते, शेकड्याला सहा. मी तीस वर्षांचा झालो, दरवर्षी पुडे बांधतो, आणि मला हे माहीत नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. गावातली काही जुनी माणसं म्हणून राहिली की तेंदूच बंद करा, छाटणी आणि आगी लावण्यानं जंगल खराब होते. हे कितपत बरोबर? कारण आमच्या गावाला वर्षातला रोख पैसा तेवढाच.

जंगलवाट

जुन्या माणसांचं ऐका, नीट ऐका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं नेमकं हेच केलं, २०१२ मध्ये पट्टा मिळाला आणि त्यांनी सभेत ठरवून तेंदू तोडायचा नाही असं केलं, कारण चांगलं पान यावं म्हणून झुडपं छाटतात, आग लावतात, आणि फळं पाखरांना राहत नाहीत. पण त्यांच्याकडे बांबू होता, त्याच्यावर गाव उभं राहिलं. तिकडे मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर गावानं उजाड झालेल्या जमिनीवर झाडं जगवली आणि सीताफळ विकतात, स्वतःच्या नावानं पॅक करून. म्हणजे एकच साचा नाही. तुमच्याकडे बांबू किती, मोह किती, हिरडा-बेहडा किती हे आधी जंगलात फिरून मोजा. आमच्याकडे आम्ही तेंदू बंद केला नाही, पण आग बंद केली, आणि जंगलाचे तीन भाग करून एक भाग दरवर्षी सोडतो. पहिल्या वर्षी लोक कुरकुरले, आता नाही.

आणि मेंढा-लेखाची एक गोष्ट घ्यायला विसरू नका. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं जे उभं केलं त्यात घोषणा सगळ्यांना पाठ आहे, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, पण त्याच्या मागे अभ्यासगट होता हे कमी लोक सांगतात. निर्णय सभेत, तोही सर्वसहमतीनं, मतदान नाही, पण त्याच्या आधी बसून वाचायचं, बाहेरच्या माणसाला बोलावून विचारायचं, त्या बैठकीत निर्णय नाही घ्यायचा. तुम्ही तेच करा, त्या व्यापाऱ्याला आत्ता हो पण म्हणू नका, नाही पण म्हणू नका. तुमच्या मोहाच्या झाडाखाली चार रात्री बसा, ह्या धाग्यातलं सगळं वाचा, आजूबाजूच्या दोन ग्रामसभांच्या सचिवांना बोलवा, जुना करारनामा मागा. मग सभा.

साधा_माणूस

आणि हिशोबाचं रजिस्टर मोठ्या आवाजात वाचा सभेत, प्रत्येक सभेत. ज्याला अक्षर येत नाही त्याला आकडा ऐकून बरोबर कळतो, तो कधी विसरत नाही. आमच्याकडे हेच केलं नव्हतं, ते आता कळते.

डोंगरपायथा

अपडेट देतो. सभा परवा झाली, दुपारी एक वाजता, दवंडी दिली होती. एकशे चार माणसं आली, त्यात बाया पन्नासच्या वर, एवढी सभा मी आमच्या गावात पाहिली नव्हती. व्यापारी आला होता. त्याला हिशोबनीस दादांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं की दोन लाख अनामत म्हणून बँकेत भरता का, आणि परवाना पैसे आल्यावरच फाडू. तो म्हणाला विचार करून सांगतो आणि चहा न घेताच गेला. माझ्या आईनं उभं राहून शेकड्याला सहा पुड्यांचं सांगितलं आणि मग एकामागून एक बाया बोलायला लागल्या, एकीनं तर कोणत्या वर्षी कोणता मुन्शी होता ते नावासकट सांगितलं. मंदिरासाठी पैसे पाहिजेत म्हणणारे पण गप्प बसून ऐकत होते.

ठराव असा झाला की शेजारच्या तीन ग्रामसभांसोबत मिळून जाहिरात द्यायची, मुन्शी गावचा, फळीवर दोन बाया, नाव तोडणारीचं. जंगलाचा एक भाग सोडायचं अजून ठरलं नाही, त्यावर पुढच्या मंगळवारी मोहाखाली बसणार आहोत. त्याआधी रविवारी पट्ट्यातला नकाशा घेऊन हद्द फिरायची आहे, भिंतीवरून तो कागद काढला, मागं पालीनं अंडी घातली होती. जंगलवाट दादा, तुमच्या करारनाम्याची कॉपी पाठवता का, आणि रविवारी येऊ शकलात तर जेवण आमच्याकडे.

जंगलवाट

कॉपी मेसेजमध्ये पाठवली. रविवारी येतो, सकाळी सहाला निघू, ऊन चढायच्या आत वरची हद्द झाली पाहिजे. दोन म्हातारे सोबत घ्या ज्यांना जुन्या खुणा माहीत आहेत.